पाण्यामागोमाग मांडू: इंदूरहून एका दिवसाची सहल कशी घडवावी

मांडू, म्हणजे धारजवळची डोंगरावरची माळव्याच्या सुलतानांची जुनी राजधानी, आणि नर्मदाकाठचं अहिल्याबाईंचं महेश्वर एका दिवसात करू नका. हे मी सगळ्यात आधी सांगते, कारण बाकीचं सगळं नियोजन यावरच उभं आहे.

इंदूरला पुण्या-मुंबईचे पाहुणे उतरले की त्यांची यादी तयारच असते. सराफा, राजवाडा, उज्जैन, ओंकारेश्वर आणि मग एका दमात 'मांडू-महेश्वर'. गाडीवालेही लगेच हो म्हणतात, कारण दोन्ही ठिकाणांत अंतर चाळीसेक किलोमीटरचंच आहे. मग काय होतं? जहाज महालासमोर फोटो, रूपमती मंडपावर धापा टाकत चढणं-उतरणं, जेवण गाडीत, आणि महेश्वरच्या घाटावर पोचेपर्यंत दिवस बुडालेला. रात्री घरी आल्यावर विचारलं, "काय पाहिलंत?" तर उत्तर येतं, "छान होतं, पण सगळे महाल सारखेच वाटले." हे ऐकलं की मला फार वाईट वाटतं. मांडूचे महाल एकमेकांसारखे अजिबात नाहीत. ते सारखे वाटतात, कारण कुणी त्यांचा धागा हातात दिलेला नसतो.

मी शाळेत इतिहास शिकवत असे. निवृत्त झाल्यापासून आमच्या महिला मंडळाला, नात्यातल्या मंडळींना, शेजारच्या मुलांना मांडूला घेऊन जाते. माझ्या मते तिथला धागा आहे पाणी. मांडू समुद्रसपाटीपासून सुमारे 633 मीटर उंचीवर, पठाराच्या टोकावर वसलंय. तिन्ही बाजूंना दऱ्या, माथ्यावर नदी नाही. चार महिने पाऊस धो-धो कोसळतो आणि उतारावरून खाली निमाडात, म्हणजे नर्मदेच्या खोऱ्यात, निघून जातो. ज्याला या डोंगरावर राजधानी वसवायची त्याला ते पाणी अडवावंच लागणार होतं. म्हणून इथे तलाव, कुंडं, बावड्या, दगडी पन्हळी, छतावरच्या टाक्या. एकदा पाण्यामागोमाग चालायला लागलं की प्रत्येक इमारत आपलं वेगळं काम सांगू लागते. तुम्ही कुणाला घेऊन जाणार असाल तर हाच क्रम धरा.

कधी जावं

पावसाळ्यात. जुलैच्या मध्यापासून सप्टेंबर अखेरपर्यंत. जहांगीर बादशहा 1617 मध्ये मांडूत मुक्कामाला होता. पावसाळ्यातल्या मांडूइतकी सुंदर हवा आणि देखावा आपल्याला दुसरीकडे ठाऊक नाही, असं त्याने आपल्या आठवणींत लिहून ठेवलंय. शिवाय वर सांगितलेला धागा पावसातच दिसतो. उन्हाळ्यात कोरड्या पन्हळीकडे बोट दाखवून मुलांना काय समजावणार?

धुक्याची मात्र तयारी ठेवा. कधी कधी समोरचा महालसुद्धा दिसत नाही. घाबरून परत फिरू नका, दहा-वीस मिनिटं थांबलं की पडदा वर जातो. घरात दम्याचं किंवा गुडघ्याचं दुखणं असलेलं कुणी असेल तर ऑक्टोबर-नोव्हेंबर बरा. हवा कोरडी, पायऱ्यांवर शेवाळ नाही, आणि रस्त्याकडेला टोपल्या भरभरून सीताफळं. मार्चनंतर वडीलधाऱ्यांना नेऊ नका. रविवारी आणि श्रावणातल्या सुट्ट्यांना इतकी गर्दी होते की अरुंद वेशींतून गाड्या निघत नाहीत. मंगळवार-बुधवार जमवता आला तर सोनं.

गाडी आणि माणसं

गंगवाल बसस्टँडवरून धारला बस मिळते, तिथून पुढे मांडू. तरुण पोरांनी तसं खुशाल जावं आणि वर गावात सायकली भाड्याने घ्याव्यात. मांडूत ठिकाणं विखुरलेली आहेत. गावातून रूपमती मंडप पाच-सहा किलोमीटरवर आहे. त्यामुळे घरची मंडळी, त्यातून आजी-आजोबा, असली तर गाडी करावीच लागते. सात जणांपर्यंत इनोव्हा, त्यापुढे टेम्पो ट्रॅव्हलर. बारा सीटची गाडी असेल तर दहाच माणसं न्या. दोन जागा डबे, पाण्याचा कॅन, छत्र्या आणि परतताना पाय लांब करणाऱ्या मावशींसाठी.

ठरवताना चार गोष्टी फोनवर नाही, लिहून घ्या: टोल आणि पार्किंग कुणाकडे, ड्रायव्हरचं जेवण कुणाकडे, रात्री किती वाजेपर्यंत गाडी आपली, आणि मांडूच्या आतलं फिरणं धरलेलं आहे की नाही. ही शेवटची गोष्ट फार महत्त्वाची. एका गाडीवाल्याने आम्हाला गावाच्या चौकात उतरवून, पुढचं फिरणं वेगळ्या पैशांचं, असं ऐन वेळी सांगितलं होतं. तेव्हापासून मी कागदावर 'रूपमती, नीलकंठ, जहाज महाल, सगळं मिळून' असं नावानिशी लिहून घेते आणि ड्रायव्हरभैयालाही सकाळीच वाचून दाखवते.

आदल्या रात्री प्रत्येकाला सांगायचं ते एवढंच: तळाला चांगली पकड असलेले बूट, छत्रीपेक्षा रेनकोट, एक कोरडा पंचा, आणि आपापली औषधं आपापल्या पिशवीत. चपला आणि नऊवारी, दोन्ही महेश्वरसाठी ठेवा.

सकाळचा रस्ता

सहाला निघायचं म्हणजे सहालाच. उपास नसणाऱ्यांसाठी पोहे-जिलबी बांधून घ्या. शेव आणि जीरावन (पोह्यांवर भुरभुरायचा मसाला) वेगळ्या पुडीत, नाहीतर बेटमा येईपर्यंत शेवेचा लगदा होतो. अहमदाबादच्या रस्त्याने बेटमा, मग घाटाबिल्लोद. इथे चंबळ ओलांडतो. पुलावर गाडी हळू करायला सांगा आणि मुलांना सांगा की ही नदी आपल्या महूजवळच्या जानापावच्या डोंगरात उगम पावते आणि यमुनेला जाऊन मिळते. म्हणजे इथलं पाणी उत्तरेला गंगेच्या खोऱ्यात जातं, आणि दोन तासांनी मांडूच्या कड्यावरून जे पाणी खाली उतरताना दिसेल ते नर्मदेतून पश्चिमेला, अरबी समुद्रात. एका सकाळीत आपण दोन समुद्रांच्या मधला बांध ओलांडतो. मोठी माणसंसुद्धा हे ऐकून खिडकीबाहेर पाहायला लागतात.

धार इंदूरहून पासष्टेक किलोमीटर. पवारांची धार आपल्या माणसांना परकी नाही. 1728 च्या नोव्हेंबरात चिमाजी अप्पांच्या फौजेने धारजवळ अमझेऱ्याला मोगलांचा सुभेदार गिरिधर बहादुर याला हरवलं आणि माळव्याचं दार मराठ्यांना उघडलं. धारच्याच किल्ल्यात 1775 मध्ये दुसऱ्या बाजीरावाचा जन्म झाला. राघोबादादांच्या पळापळीच्या दिवसांत आनंदीबाई तिथे आश्रयाला होत्या. एवढं गाडीत सांगा आणि पुढे चला. सकाळी धारला उतरू नका, किल्ला परतीच्या वाटेवर रस्त्यातूनच दाखवला तरी चालतो.

धारपासून मांडू पस्तीस किलोमीटर. नालछा मागे पडलं की रस्ता वळायला लागतो आणि डाव्या-उजव्या हाताला थडगी, कमानी, पडक्या भिंती शेतांतून डोकं वर काढतात. मग काकडा खोहची दरी येते. पावसाळ्यात इथे धबधबे कोसळत असतात आणि कणीस भाजणाऱ्या बायकांच्या शेगड्या पेटलेल्या असतात. दहा मिनिटं थांबा, कणीस खा, कठड्याच्या अलीकडे उभं राहून फोटो काढा. हीच दरी मांडूचा खंदक आहे. किल्ल्याची तटबंदी सुमारे 45 किलोमीटरची, बारा दरवाज्यांची, आणि या बाजूने आत शिरताना एकामागून एक वेशी लागतात. टेम्पो ट्रॅव्हलर वेशीतून जाताना ड्रायव्हरला एकाग्र राहू द्या, त्या वेळी गाणी बंद.

जहाज महाल: इथे सगळ्यात जास्त वेळ द्या

पावणेनऊ-नऊपर्यंत पोचलात की आधी शाही परिसर, म्हणजे जहाज महाल, हिंडोला महाल आणि आसपास. मांडूत तीन समूहांची तिकिटं वेगवेगळी घ्यावी लागतात: हा परिसर, होशंगशहाची कबर-जामी मशीद, आणि रूपमतीकडचा भाग. पंधरा वर्षांखालच्या मुलांना तिकीट नाही. एका माणसाकडे सगळ्यांची तिकिटं ठेवा.

गाइड घ्यायचा का? घ्या, पण सरकारी ओळखपत्र पाहून, पैसे आधी ठरवून, आणि एक अट घालून: "भैया, हमें पहले पानी दिखाइए, कहानी बाद में." सुरुवातीला ते जरा बुचकळ्यात पडतात, मग खुलतात. इथली गाइड मंडळी याच गावची आहेत. कुठल्या पन्हळीत पहिल्या पावसाचं पाणी कुठून येतं हे त्यांनी लहानपणापासून पाहिलेलं असतं. ते ज्ञान विचारल्याशिवाय बाहेर येत नाही. सुलतानाच्या जनानखान्यात पंधरा हजार बायका होत्या ही गोष्ट मात्र न विचारता ऐकायला मिळते.

जहाज महाल सुमारे 120 मीटर लांब आणि रुंदीला अगदी चिंचोळा. एका बाजूला मुंज तलाव, दुसऱ्या बाजूला कपूर तलाव. मुंज तलावाचं नाव परमार राजा वाक्पती मुंजाशी जोडतात, म्हणजे सुलतानांच्या कितीतरी आधीपासून इथे पाणी अडवलं जात होतं. महाल गियासुद्दीन खिलजीच्या काळातला मानतात. 1469 ते 1500 हा त्याचा काळ. दोन्ही तलाव भरले की मधली इमारत खरंच नांगर टाकून उभ्या असलेल्या गलबतासारखी दिसते. मुंज तलावाच्या बाजूने जाऊन एकदा दुरून पाहा, मग आत या.

आता छतावर. जिना रुंद आहे, पण पायऱ्या उंच आहेत. गुडघेदुखीवाल्यांना एका बाजूने भिंतीचा आणि दुसऱ्या बाजूने तरुण हाताचा आधार द्या. वर गेल्यावर सगळे छत्र्यांखाली फोटो काढायला पळतात. तुम्ही आपल्या मंडळींना वरच्या कुंडाशी आणा आणि खाली बसवा. बसल्याशिवाय ती गोष्ट दिसत नाही. दगडात कोरलेली एक अरुंद पन्हळ आहे, हातभर सरळ जाते आणि मग गोगलगायीच्या पाठीसारखी स्वतःभोवती गोल गोल फिरते. पाणी सरळ सोडलं तर वेगाने धावतं आणि आपल्याबरोबर माती, पालापाचोळा घेऊन कुंडात पडतं. वळणावळणाने फिरवलं की त्याचा जोर मोडतो, गाळ वाटेतच खाली बसतो आणि कुंडात पोचतं ते निवळ पाणी. पन्हळीच्या तळाशी बोट फिरवून पाहा. पाऊस पडून गेला असेल तर वळणांत बारीक मऊ गाळ लागतो आणि शेवटच्या वेढ्यात दगड स्वच्छ असतो. पाचशे वर्षांपूर्वीच्या कुणा गवंड्याने केलेलं गणित अजून बरोबर येतंय. माझ्या सहलीतली पुण्याची एक आत्या, गाडीत सारखी "अगं, पडके वाडे काय बघायचे?" म्हणत होती. ती इथे मांडी घालून बसली आणि बाटलीतलं पाणी पुन्हा पुन्हा ओतून पाहत राहिली. तिला उठवायला दोघींना जावं लागलं.

खालच्या मजल्यावर उत्तरेकडच्या टोकाला पाकळ्या-पाकळ्यांच्या कडेचं सुंदर स्नानकुंड आहे, तेही चुकवू नका. तिथून हिंडोला महाल. त्याच्या बाजूच्या भिंती खाली फाकलेल्या, तिरक्या आहेत, म्हणून झुलत असल्यासारखा दिसतो. ही दरबाराची जागा होती. मागे चंपा बावडी: वरून विहीर, पण तिच्या पोटात तळघराच्या खोल्या, पाण्याच्या गारव्याने थंड केलेल्या. जवळच हमामखाना, म्हणजे न्हाणीघर. त्याच्या छतात चांदण्यांच्या आकाराची भोकं पाडलेली आहेत, त्यातून उजेडाचे कवडसे पडतात. मुलांना इथे मोकळं सोडू नका. तळघरात अंधार असतो आणि बावडीचा कठडा ठेंगणा आहे.

जहांगीर इथे असताना नूरजहाँच्या महालाजवळच्या तलावांच्या काठांवर आणि इमारतींवर दिवे लावून सोहळा केल्याचं वर्णन त्याच्या आठवणींत आहे. हे छतावर उभं राहून सांगा, दोन्हीकडे पाणी असताना.

या एका परिसराला अडीच तास द्या. लोक पाऊण तासात बाहेर पडतात आणि मग पुढे सगळं सारखं वाटायला लागतं.

होशंगशहा आणि जामी मशीद

गावाच्या चौकातच आहेत, तासाभरात होतात. होशंगशहाने राजधानी धारहून मांडूला आणली आणि हे शहर मोठं केलं. 1435 मध्ये तो वारला. त्याची कबर पांढऱ्या संगमरवराची, भारतातल्या अगदी सुरुवातीच्या संगमरवरी इमारतींपैकी एक. दारावर 1659 चा एक लेख आहे. उस्ताद हमीद आणि आणखी तीन वास्तुकार इथे येऊन नमन करून गेले, अशी त्यात नोंद आहे. ज्यांचं काम दगडाचं, त्यांनी दुसऱ्याच्या दगडापुढे डोकं टेकवलं, हे मला फार भावतं. जामी मशीद 1454 मध्ये पुरी झाली. तिच्या आत उन्हाच्या वेळीही गारवा असतो, आजोबांना खांबाला टेकून बसायला चांगली जागा. समोरचा अशरफी महाल पायऱ्यांचा आहे, थकलेल्यांनी सोडला तरी हरकत नाही. मशीद आणि कबरीच्या आत बूट काढायचे, आवाज हळू ठेवायचा. हे मुलांना दारातच सांगा.

चौकातच मांडूची इमली विकायला असते. तीच आपली गोरखचिंच. तिची झाडं आफ्रिकेतून आलेली, खोड इतकं जाड की चार-पाच जणांनी हात धरले तरी वेढा पुरा होत नाही. फळ दुधीएवढं, वरून मखमली लव, आत पांढरा कोरडा आंबट गर. एक फोडून घ्या आणि सगळ्यांना एक-एक बी चघळायला द्या, दुपारच्या उन्हात तहान भागते. झाडाची साल सोलू नका, खोडावर नावं कोरू नका. शेकडो वर्षांच्या खोडांवर लोकांनी चाकूने कोरलेली नावं पाहिली की मला राग आवरत नाही.

जेवण

एक वाजता जेवा, उशीर करू नका. आमच्याकडे डबे घरचे असतात: तिखटामिठाच्या पुऱ्या, बटाट्याची सुकी भाजी, लसणाची चटणी, गूळपोळी किंवा दशम्या. दहीभात न्यायचा तर दूध जास्त आणि विरजण नावाला, म्हणजे दुपारपर्यंत आंबत नाही. पण पाहुणे असतील तर एक जेवण इथलं खायला घाला. गावातल्या ढाब्यांवर दाल-बाफले मिळतात आणि विचारलं तर दाल-पानिये. पानिया म्हणजे मक्याच्या पिठाचा गोळा पानांत थापून गोवऱ्यांवर भाजलेला. भिल्ल आदिवासी घरांतलं हे अन्न; पानाचा धुरकट वास त्याला लागलेला असतो. वरून तूप मागून घ्या. वेळ लागतो, म्हणून सकाळी आत शिरतानाच सांगून ठेवा.

स्वच्छ प्रसाधनगृह ही बायकांच्या सहलीतली पहिली गरज आणि नियोजनात शेवटी आठवणारी गोष्ट. सागर तलावाच्या काठी पर्यटन महामंडळाचं मालवा रिसॉर्ट आहे. तिथे चहा-जेवण घेतलं की तो प्रश्न सुटतो आणि तलावाकाठी अर्धा तास आडवंही होता येतं. जेवणानंतर हा अर्धा तास मी कधीच कापत नाही.

नीलकंठ

श्रावणात गेलात आणि नीलकंठ सोडलंत तर घरचे विचारतीलच. दरीच्या कडेवर, पायऱ्या उतरून खाली. ही जागा अकबराच्या काळात विसाव्याचा महाल म्हणून बांधली आणि आत आज महादेवाची पूजा चालते. भिंतींवर अकबराच्या वेळचे लेखही आहेत. इथेही अंगणात वळणाची पन्हळ आहे. मुलांना एक-एक पान द्या आणि सोडायला सांगा. कुणाचं आधी पोचतं ते पाहताना ती सकाळी छतावर पाहिलेलं आपणच ओळखतात, सांगावं लागत नाही.

पायऱ्या ओल्या असतात. उतरताना मजेचं, चढताना जिवावर येतं. ज्यांना जमणार नाही त्यांच्यासोबत एक माणूस वर गाडीपाशी थांबावा, एकट्याला ठेवू नये. माकडांपासून प्रसादाची पिशवी जपा.

रेवाकुंड, बाजबहादूर, रूपमती

याच क्रमाने. बहुतेक गाड्या सरळ रूपमतीच्या पायथ्याशी जाऊन थांबतात आणि रेवाकुंड बाजूला राहून जातं. ड्रायव्हरला आधी कुंडावर थांबायला सांगा. दिसायला साधं, दगडी काठाचं कुंड. पण नर्मदेची परिक्रमा करणारे लोक डोंगर चढून या कुंडाच्या दर्शनाला येतात, कारण याचं पाणी नर्मदेचंच मानतात. भगवी पिशवी, हातात काठी घेतलेले परिक्रमावासी दिसले तर 'नर्मदे हर' म्हणा, बरोबरचे दशम्या-गूळ त्यांना द्या.

कुंडातून उचललेलं पाणी दगडी नळीने समोरच्या महालात नेत असत. बाजबहादूरचा महाल म्हणतात तो हाच, जरी त्यावरचा लेख तो 1508-09 चा, नासिरुद्दीन खिलजीच्या वेळचा असल्याचं सांगतो. माळव्याचा शेवटचा सुलतान बाजबहादूर आला तो त्यानंतर जवळजवळ अर्ध्या शतकाने. आत चौकात हौद आणि बाजूला घुमणारी दालनं. इथे गाइड टाळ्या वाजवून दाखवतात. त्यापेक्षा तुमच्यात कुणी गाणारं असेल तर त्यांना गायला लावा. आमच्या मंडळातल्या काकू इथे अभंग म्हणतात. आवाज भिंतीला लागून एका श्वासाच्या अंतराने परत येतो आणि काकू त्याच्यासाठी थांबून पुढची ओळ घेतात. अनोळखी लोकही चौकात येऊन बसतात.

रूपमती मंडपाला चारच्या सुमारास चढा. पायऱ्या आणि चढ दोन्ही आहेत, अर्ध्या वाटेवर थांबायला जागा आहे. मुळात ही फौजेची टेहळणीची चौकी. कड्यावरून सरळ खाली 365 मीटरचा उतार आहे. गोष्ट सगळ्यांना माहीत असते: बाजबहादूरची राणी रूपमती रोज नर्मदेचं दर्शन घेतल्याशिवाय अन्न घेत नसे, म्हणून वर दोन छत्र्यांचा मंडप. 1561 मध्ये अकबराचा सरदार अधमखान चालून आला, बाजबहादूर पळाला आणि रूपमतीने विष घेतलं असं सांगतात. ही गोष्ट वर चढल्यावरच सांगा, निमाड समोर पसरलेलं असताना. आणि सांगून झाल्यावर खालची पाण्याची टाकी दाखवा. छतावरचं पावसाचं पाणी तिच्यात उतरवलेलं आहे. जिला दुरून नदी पाहायची होती तिच्या घरी प्यायला पाऊस साठवलेला होता. माझ्या सकाळपासूनच्या बोलण्याचा सगळा अर्थ इथे एका जागी जमतो.

नर्मदा दिसेलच असं कबूल करू नका. हवा स्वच्छ असेल तर दक्षिणेला क्षितिजाजवळ चांदीची बारीक रेघ दिसते. नसेल तर ढग खालून वर चढताना दिसतात, तेही कमी नाही. मात्र कठड्यावर चढून व्हिडिओ काढणाऱ्या तरुण मुलांना लगेच, मोठ्या आवाजात, खाली उतरवा. ती आपली नसली तरी. शेवाळलेला दगड कुणाचं वय बघत नाही.

परत

पाच-साडेपाचला निघा, अंधाराच्या आत वेशी आणि घाट पार झाले पाहिजेत. धारला चहा, तिथे चांगली शेव मिळते ती घ्या. साडेआठपर्यंत इंदूर. गाडीत माणसं मोजा, छत्र्या मोजा, आणि ड्रायव्हरभैयांना ठरल्यापेक्षा थोडं जास्त द्या. धुक्यातला घाट त्यांनी डोळ्यांत तेल घालून काढलेला असतो.

महेश्वरसाठी वेगळी पहाट ठेवा. महूवरून जामगेटमार्गे जा. तो दरवाजा 1791 मध्ये अहिल्याबाईंनी बांधला, आणि तिथून निमाड जसं उलगडतं तसं रूपमतीवरूनही दिसत नाही. मंडलेश्वरवरून आठेक किलोमीटरवर महेश्वर. नऊच्या आत घाटावर पोचा, आधी नर्मदेत पाय बुडवा, मग राजवाड्यात जाऊन मातोश्रींच्या गादीसमोर बसा. मागावरच्या साड्या दुपारी पाहा, आणि त्या दिवशी मांडूचं नाव काढू नका.